भास्कराचार्यांचे आखूड गणित

चाळीसगावच्या दक्षिणेला पाटणादेवीचे जुने देऊळ आहे. खानदेशातली कुटुंबे तिथे दर्शनाला जातात, पावसाळ्यात डोंगरात हिंडतात. तिथेच सापडलेल्या शिलालेखाकडे फारसे कोणी वळत नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्या मठाला १२०७ साली मिळालेल्या दानाची नोंद त्यात आहे. संगणकावर पोट भरणारा मी. मला हे आजोबा आपल्याच धंद्यातले वाटतात.

त्यांचा जन्म १११४ चा. वडील महेश्वर हेच गुरू. ११५० मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. (घटिकापात्रात अडकलेल्या मोत्याची गोष्ट फार नंतरची, ती सोडून देऊ.) त्याच ग्रंथातल्या बीजगणितात एक कोडे आहे : असा वर्ग शोधा, की त्याला ६१ ने गुणून १ मिळवला तरी वर्गच यावा. एकापासून एकेक संख्या तपासत गेलो तर २२,६१,५३,९८० पर्यंत जावे लागते! चक्रवाल रीतीने मात्र, आधीच्या पायरीचे उत्तर पुढच्या पायरीला लावत, पाटीवर थोडक्यात सुटते. ही रीत त्यांच्याआधी जयदेवालाही ठाऊक होती. आचार्यांनी ती नीट बसवली. हेच ६१ चे कोडे १६५७ मध्ये फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना घातले.

६१ च्या जागी १०९ घ्या. सेकंदाला एक कोटी संख्या तपासणारे यंत्र एकेक संख्या पाहत बसले, तर त्याला सतरा दिवस पुरत नाहीत.

उतारवयात, ११८३ च्या सुमारास, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. सिद्धान्तग्रंथाप्रमाणे ग्रह काढायचा तर कल्पारंभापासूनचे, म्हणजे सुमारे १९७ कोटी वर्षांचे दिवस मोजायचे. आचार्यांनी शके ११०५ ची ग्रहस्थिती एकदाच काढून ठेवली; पुढे तेवढ्यापासूनचे दिवस मोजले की झाले. बारा आकडी संख्येची चार-पाच आकडी झाली.

आमच्या भागातल्या एका कचेरीत मी भविष्यनिर्वाह निधीचा प्रोग्राम पाहिला होता. तो दर खेपेला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हिशेब मांडी, आणि निवृत्त माणसे बाहेर बाकावर ताटकळत. नवे महागडे यंत्र आणले, तरी बाक रिकामा होईना. मार्चअखेरची शिल्लक एकदा साठवून पुढचाच हिशेब करू लागलो, तेव्हा काम मिनिटांवर आले. शिल्लक चुकीची साठवली तर पुढचे सगळे चुकणार, ही धास्ती उरतेच. करणग्रंथांचेही तेच : काळ लोटला की आकाशाशी फरक पडू लागतो, आणि पंचांगकर्त्याला दुरुस्ती करावी लागते.