तापत्या माळावरचा नवा गोवंश : रॉबर्ट क्लेबर्ग

अमेरिकेच्या टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला असलेला किंग रँच हा जगातील सर्वांत प्रसिद्ध पशुपालन प्रकल्पांपैकी एक मानला जातो. रिचर्ड किंग या बोटवाहतूक व्यावसायिकाने 1853 साली सांता गर्ट्रुडिस ओढ्याकाठची जमीन विकत घेऊन त्याचा पाया घातला. या रँचला शास्त्रीय पशुसंवर्धनाच्या इतिहासात कायमचे स्थान मिळवून दिले ते मात्र किंग यांचे नातू रॉबर्ट क्लेबर्ग (धाकटे) यांनी.

क्लेबर्ग यांचा जन्म 1896 साली कॉर्पस ख्रिस्ती येथे झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठात कृषिशास्त्राचे शिक्षण घेत असतानाच वडिलांची प्रकृती खालावली आणि 1916 मध्ये शिक्षण अर्धवट सोडून त्यांना घरी परतावे लागले. पुढे रँचचा कारभार त्यांच्याकडे आला, तेव्हा समोर एक जुनेच कोडे उभे होते. मांसोत्पादनासाठी नावाजलेले शॉर्टहॉर्न आणि हिअरफर्ड हे ब्रिटिश वंश थंड हवेत उत्तम वाढत. परंतु टेक्सासचे ऊन, निकृष्ट गवत आणि गोचिडांचा उपद्रव यांपुढे ते हतबल होत. जनावर सावली शोधत उभे राही, चरणे कमी होई आणि वजन घटे.

यावरील उपायाचे मूळ भारतात होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून भारतीय वशिंडाची जनावरे अमेरिकेत जाऊ लागली होती. गीर, कांकरेज, ओंगोल आणि सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंतच्या काळ्या मातीत वाढलेला कृष्णा खोऱ्याचा गोवंश यांच्या मिश्रणातून तेथे ‘ब्राह्मन’ नावाची जात घडत गेली. सैल कातडी, आखूड तुकतुकीत केस आणि घामावाटे उष्णता बाहेर टाकण्याची अधिक क्षमता यांमुळे ही जनावरे उन्हातही चरत राहत. गोचिडांनाही ती सहसा दाद देत नसत. मात्र मांसाच्या प्रतीत ती शॉर्टहॉर्नच्या मागे होती.

दोहोंचे गुण एकत्र आणण्याचे क्लेबर्ग यांनी ठरवले. 1910 च्या सुमारास भेट मिळालेल्या एका अर्ध-ब्राह्मन वळूच्या संततीने आशा दाखवली होतीच. 1918 च्या सुमारास ब्राह्मन रक्ताचा मोठा अंश असलेले 52 वळू आणून सुमारे अडीच हजार शॉर्टहॉर्न गायींशी त्यांचा संकर करण्यात आला. पहिल्या पिढीत संकरित जोम ठळकपणे दिसला. खरी कसोटी त्यापुढे होती. संकरित जनावरांचा आपसांत संयोग केला की पुढील पिढीत गुण विखुरतात. एक वासरू आजोळावर जाते, तर दुसरे आजोबांवर. संकर करणे सोपे, पण तो स्थिर करणे अवघड असते.

हा प्रश्न सोडवला 1920 साली जन्मलेल्या ‘मंकी’ या गडद तांबड्या वळूने. खोडकर स्वभावामुळे त्याला हे नाव पडले होते. त्याचे गुण संततीत एकसारखे उतरत आहेत, हे लक्षात येताच क्लेबर्ग यांनी त्याच्या रक्ताभोवती निकट प्रजननाची आखणी केली. या पद्धतीत दोषही एकवटतात. म्हणून सदोष जनावर कठोरपणे कळपातून वगळले जाई. या कामी पिढ्यान्‌पिढ्या रँचवर राबणाऱ्या, ‘किनेन्योस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या गुराख्यांचे अनुभवी हात मोलाचे ठरले. मंकी 1932 साली मरण पावला, तेव्हा त्याचे दीडशेहून अधिक उपयुक्त वळू पुत्र कळपात होते. आजचा संपूर्ण सांता गर्ट्रुडिस वंश त्याच्यापासूनच उगम पावतो.

हे प्रयोग निर्वेध परिस्थितीत झाले नाहीत. 1925 मध्ये आजी हेन्रिएटा किंग यांच्या निधनानंतर वारसा कर आणि कर्जाचे ओझे आले. पाठोपाठ जागतिक मंदी कोसळली. कळप मोडून विकण्याचा मोह व्हावा, असाच तो काळ होता. 1933 साली हंबल कंपनीशी तेल उत्खननाचा करार करून क्लेबर्ग यांनी रँच सावरला आणि प्रयोगाचे सातत्य राखले.

अखेर 1940 साली अमेरिकी कृषी खात्याने पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न आणि तीन अष्टमांश ब्राह्मन रक्ताच्या सांता गर्ट्रुडिसला स्वतंत्र वंश म्हणून मान्यता दिली. अमेरिकेत घडलेला हा पहिला मांसोत्पादक गोवंश ठरला. क्लेबर्ग यांनी तो क्यूबा, ब्राझील, ऑस्ट्रेलिया अशा उष्ण देशांत नेला. क्यूबातील रँच 1959 च्या क्रांतीनंतर हातचा गेला. घोड्यांच्या पैदाशीतही त्यांनी नाव कमावले. त्यांच्या ‘असॉल्ट’ने 1946 साली अमेरिकी शर्यतींचा तिहेरी मुकुट जिंकला.

1974 साली क्लेबर्ग यांचे निधन झाले. पशुधन सुधारायचे तर परदेशी उत्तम वंश आणणे पुरेसे नाही. तेथील ऊन, चारा आणि किडे सोसणारे रक्त त्यात मिसळावे लागते आणि मग अनेक पिढ्या धीराने निवड करावी लागते, हा त्यांच्या आयुष्याचा वस्तुपाठ आहे. संकरीकरणाला झटपट उपाय मानणाऱ्या कोणत्याही देशाने तो विसरू नये, असाच आहे.