स्वतःकडे डिग्री नव्हती, तरी मुंबई विद्यापीठाने या स्कॉटिश माणसाला प्रोफेसर केलं

पर्यावरण आणि शहर, दोन्ही एकत्र शिकवणाऱ्या डिग्र्या सध्या बऱ्याच ठिकाणी मिळतात. त्यांची अट साधारण ठरलेली असते. थोडं जीवशास्त्र, थोडं समाजशास्त्र, थोडा नकाशांचा अभ्यास आणि प्रत्यक्ष गल्लीबोळात फिरून केलेलं फील्डवर्क. हे सगळं शंभर वर्षांपूर्वी एकट्याने जमवून दाखवणारा एक माणूस होता. पॅट्रिक गेडेस.

जन्म १८५४, स्कॉटलंड. एडिनबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकायला गेले आणि आठवड्याभरातच कंटाळून बाहेर पडले. मग लंडनला थॉमस हक्सले यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकले. पण डिग्री काही घेतली नाही.

१८७९ साली संशोधनासाठी मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी गेली. ती काही काळापुरतीच, पण सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या माणसाला आणखी काय व्हायचं राहिलं? अंधाऱ्या खोलीत बसून ते कागदाच्या घड्या चाचपायचे आणि प्रत्येक चौकोनात एकेक विषय कल्पायचे. जागा, काम आणि माणसं एकमेकांशी कशी जोडलेली असतात, हे मांडण्याची त्यांची पद्धत अशी तयार झाली.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं. त्यानंतर हे जोडपं एडिनबराच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत राहायला गेलं. घरं पाडायची नाहीत, दुरुस्त करायची. भिंतींना रंग द्यायचा, रिकाम्या कोपऱ्यात बाग करायची. पुढे डंडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची नोकरी मिळाली, तीही फक्त उन्हाळी सत्रापुरती. बाकीचं वर्ष शहरांसाठी मोकळं. अशी नोकरी कुणाला नको असेल!

१९१४ मध्ये ते भारतात यायला निघाले. त्यांचं नगररचनेचं प्रदर्शन दुसऱ्या जहाजातून येत होतं. ते जहाज जर्मनांच्या एम्डेन या युद्धनौकेने बुडवलं. सगळे नकाशे, चित्रं पाण्यात. मित्रांनी धावपळ करून नवा संग्रह पाठवला आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन उघडलंच.

मग लखनौ, ढाका, लाहोर अशा कितीतरी शहरांत ते पायी फिरले. त्या काळी इंजिनिअर लोक दाट वस्तीतून सरळ रेघ मारून रुंद रस्ता काढायचे. त्यात शेकडो घरं जायची. गेडेस म्हणायचे, पडकी तेवढी घरं काढा, बाकीची वाचवा, विहिरी आणि तळी बुजवू नका.

इंदूरचा किस्सा तर भारीच आहे. तिथे प्लेगची भीती होती आणि मोजमापं घेत फिरणाऱ्या या म्हाताऱ्या साहेबावर लोकांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांना वाटे, हा घरं पाडायला आलाय. चरित्रकार सांगतात, गेडेस यांनी एका दिवसासाठी महाराजपद मागून घेतलं आणि दिवाळीची मिरवणूक जाहीर केली. जी गल्ली सर्वात जास्त साफ आणि दुरुस्त झालेली असेल, तिथूनच मिरवणूक जाणार! लोकांनी घरं रंगवली, गाड्या भरभरून कचरा गावाबाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता आणि सफाई कामगार नव्या पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून चालत होते. ज्यांची सावलीही टाळली जायची, त्यांना असा मान देणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण १९१७ हे वर्ष त्यांच्या घरासाठी वाईट ठरलं. मोठा मुलगा ॲलास्डेर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना तेव्हा कलकत्त्यात तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडेस यांनी ती बातमी त्यांना कळूच दिली नाही. काही आठवड्यांत ॲनाही गेल्या.

तरीही ते भारतात थांबले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग सुरू केला आणि तो गेडेस यांच्या हाती दिला. मालवणात जन्मलेला, संस्कृत घेऊन एम.ए. झालेला एक तरुण त्यांच्या व्याख्यानांना येऊ लागला. गोविंद सदाशिव घुर्ये. विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी गेडेस यांनी त्याची शिफारस केली आणि तो समाजशास्त्र शिकायला इंग्लंडला गेला.

१९२४ मध्ये तब्येत ढासळल्यावर गेडेस फ्रान्सला मॉन्टपेलियेमध्ये जाऊन राहिले. तिथेही कॉलेज काढलं, तेल अवीवचा आराखडा केला आणि १९३२ मध्ये तिथेच वारले. मुंबईत त्यांची खुर्ची घुर्येंकडे आली. ती त्यांनी १९५९ पर्यंत सांभाळली.