डॉक्टर झालेला फुटबॉलपटू

पाउलिनो अल्कांतारा यांचा जन्म १८९६ साली फिलिपाईन्समधील इलोइलो येथे झाला. त्यांचे वडील स्पॅनिश सैनिक होते व आई फिलिपिनो होती. पाउलिनो तीन वर्षांचे असताना हे कुटुंब स्पेनमधील बार्सिलोना शहरात आले.

१९१२ साली वयाच्या पंधराव्या वर्षी ते बार्सिलोना क्लबकडून पहिला सामना खेळले. त्यात त्यांनी तीन गोल केले. १९१६ साली ते आईवडिलांबरोबर मायदेशी परतले व वैद्यकाचा अभ्यास करू लागले. १९१७ साली टोकियोत फिलिपाईन्सने जपानला १५-२ असे हरवले. त्या संघात तेही होते.

१९१८ साली ते पुन्हा बार्सिलोनाला आले. प्रशिक्षक ग्रीनवेल यांनी त्यांना बचावफळीत खेळवले. क्लबच्या सभासदांना हे पसंत पडले नाही. तेव्हा ते पुन्हा आघाडीवर खेळू लागले.

१९२० साली ऑलिंपिक स्पर्धा आणि वैद्यकाची परीक्षा एकाच वेळी आली. अल्कांतारांनी परीक्षा निवडली! १९२७ साली खेळ सोडून ते डॉक्टर झाले. १९६४ साली त्यांचे निधन झाले. क्लबसाठी सर्वाधिक गोल करण्याचा त्यांचा विक्रम २०१४ साली मेस्सी यांनी मोडला. एवढी कीर्ती मिळूनही अल्कांतारांनी अभ्यासाकडे कधी पाठ फिरवली नाही.