संगत, सवय आणि श्रद्धा : रेव्हरंड टिळकांची वाटचाल

मराठी साहित्याच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव फुलामुलांचे कवी म्हणून आदराने घेतले जाते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे त्यांच्या संसारातील राग-लोभ घरोघरी पोहोचले आहेत. त्यांच्या धर्मांतराची कथाही अनेकांना ठाऊक असते. मात्र ती बहुधा रेल्वेच्या डब्यातील एका भेटीपाशी सुरू होते आणि बाप्तिस्म्यापाशी संपते. वास्तविक त्यानंतर टिळक चोवीस वर्षे जगले. माणूस ख्रिस्ती होतो तो एका दिवसात. पण ख्रिस्ती म्हणून तो घडतो ते रोजच्या सहवासातून आणि रोजच्या सवयींतून, याचा प्रत्यय या चोवीस वर्षांत पदोपदी येतो.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव स्वभावाने कडक व शीघ्रकोपी होते. आई जानकीबाई मात्र भाविक आणि कवितेची आवड असलेली होती. मुलाच्या मनात भक्तीचे आणि काव्याचे बीज पडले ते आईच्या सहवासात. ही माउली त्यांच्या लहानपणीच गेली आणि घराची ओढ संपली. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. गुरूच्या पायाशी बसून विद्या घ्यायची, ही रीत तेथेच त्यांच्या अंगवळणी पडली. गुरू म्हणजे केवळ शिकविणारा नव्हे, तर ज्याच्या सान्निध्यात आपण बदलत जातो तो, ही त्यांची धारणा आयुष्याच्या अखेरपर्यंत टिकली.

1880 मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक. टिळकांचे पाय मात्र एका जागी ठरत नव्हते. कधी शिक्षकाची नोकरी, कधी छापखाना, कधी पुराण-प्रवचन अशी भटकंती सुरू राहिली. नागपूरच्या मुक्कामात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी धर्मग्रंथांवर काम केले आणि ‘ऋषि’ नावाचे मासिकही चालविले. जातिभेदाविषयी त्यांच्या मनात तीव्र असमाधान होते. देशाचा उद्धार धर्माच्या उद्धारावाचून होणार नाही, असे त्यांना वाटे. पण कोणता धर्म, या प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते.

अशा मनःस्थितीत 1893 मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावरून. त्या गृहस्थांनी ना वाद घातला, ना टिळकांच्या धर्माची निंदा केली. निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली, ती वाचण्याची विनंती केली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी त्यांचे नाव विचारले नाही. काही तासांचा हा सहवास; पण त्यात आदर होता, म्हणून तो मनात राहिला.

वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून टिळकांनी पुस्तक उघडले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र ते खाली ठेवता येईना. येथून त्यांना नवी सवय जडली. ती म्हणजे रोज त्या पुस्तकाशी बसण्याची. ज्या प्रश्नांनी त्यांना वर्षानुवर्षे छळले होते, त्यांची उत्तरे त्यांना त्या पानांत सापडू लागली. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. सगळी जुनी संगत एका दिवसात तुटली. आप्तेष्ट दुरावले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या नातलगांकडे राहिल्या आणि पती-पत्नींच्या वियोगाला आरंभ झाला. हा वियोग काही वर्षे चालला. टिळकांना नवा देव मिळाला होता. पण जेवताना पानासमोर बसणारे, चुकले तर रागावणारे आपले माणूस उरले नव्हते. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात त्यांना काम मिळाले. तेथे ते धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले. तरीही घराकडचे मन ओढाळच राहिले. पत्नीला त्यांची पत्रे जात राहिली. आपल्या विश्वासासाठी त्यांनी संसार सोडला, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्यांनी तो कधी मनाने सोडलाच नाही.

लक्ष्मीबाई अखेर पतीकडे परतल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांचे सोवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी हे सर्व त्यांच्याबरोबर आले. टिळकांचा स्वभाव तापट. परंतु या बाबतीत त्यांनी बळजबरी केली नाही. आयुष्यभराच्या सवयी हुकुमाने सुटत नाहीत, हे त्यांनी ओळखले असावे. शेजारी निरनिराळ्या जातींतून आलेले ख्रिस्ती लोक होते. त्यांचे येणे-जाणे, त्यांची मुले, त्यांची आजारपणे रोज डोळ्यांसमोर घडत होती. शिवू नये म्हणून ज्यांच्यापासून दूर राहायचे, तीच माणसे अडीअडचणीला धावून येत होती. या सहवासातूनच लक्ष्मीबाईंच्या मनात विचारांचे चक्र फिरू लागले. राहुरीच्या मुक्कामात त्या या निष्कर्षाला आल्या की, माणसामाणसांतील हा भेद ईश्वराने केलेला नाही. त्यानंतर विटाळाची कल्पना त्यांनी टाकून दिली. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आधी पंगत बदलली आणि मग धर्म, असे त्यांच्या बाबतीत म्हणता येईल. तेव्हाच्या महाराष्ट्रात पंगत बदलणे हीच अधिक कठीण गोष्ट होती.

टिळकांच्या स्वतःच्या आध्यात्मिक जीवनात मात्र एक वेगळाच पेच होता. ज्या मिशनरी मंडळींच्या सहवासात ते आता राहत होते, त्यांपैकी अनेकांविषयी त्यांना आदर होता. अहमदनगरचे रॉबर्ट ह्यूम हे त्यांतले एक ठळक नाव. परंतु विश्वासाबरोबर एक परकी जीवनपद्धतीही नकळत चालत आली होती. चाली परक्या, बोलण्याची धाटणी परकी, प्रार्थनेची भाषाही पुष्कळदा भाषांतरित. शिवाय बहुतेक देशी कार्यकर्ते मिशनच्या पगारावर अवलंबून. हाताखाली राहण्याची सवय लागलेला माणूस ईश्वराशीही नोकरासारखाच वागतो, पुत्रासारखा नव्हे, ही टिळकांची खंत होती. ती त्यांच्या लेखनातून पुन्हा पुन्हा डोकावते.

त्यांनी यावर जो उपाय योजला, तो त्यांच्या जुन्या शिदोरीतला होता. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्ताच्या पायाशी आणून सोडले, असे ते मानीत. तेव्हा भजन, कीर्तन, अभंग आणि ओवी यांनाच त्यांनी ख्रिस्ती उपासनेत मानाचे पान दिले. या वाटेवर ते अगदी पहिले नव्हते. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीत कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाची परंपरा आधीच रुजविली होती. टिळकांनी तिला उत्तम काव्याची जोड दिली. त्यांनी रचलेली शेकडो भक्तिगीते गावोगावच्या मंडळ्यांत गाइली जाऊ लागली. यामागे केवळ रसिकता नव्हती. प्रवचन आठवड्यातून एकदा कानावर पडते आणि पुष्कळदा विसरले जाते. भजन मात्र दळताना, शेतात राबताना, मुलाला जोजविताना ओठांवर येते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाच्या श्रद्धेलाही त्यातून रोजचे अन्न मिळते. वारकरी संतांनी महाराष्ट्राला शिकविलेली ही गोष्ट टिळकांनी ख्रिस्ती समाजासाठी पुन्हा जागी केली.

1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून ते ‘ज्ञानोदय’ या जुन्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन करू लागले. पण त्यांचे खरे कार्यक्षेत्र होते ते त्यांचे घर. पाहुणे, निराधार मुले, विद्यार्थी, कवी यांचा तेथे राबता असे. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ज्यांचे कौतुक झाले ते त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, पुढे काही काळ टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. बालकवी हिंदूच राहिले आणि त्यामुळे त्या घरातील त्यांचे स्थान तसूभरही कमी झाले नाही. धर्माचा आग्रह आणि माणसाचा लोभ यांत टिळकांचे पारडे येथे लोभाकडे झुकले.

अर्थात टिळक म्हणजे सर्व सवयी जिंकलेले सत्पुरुष, असे चित्र रंगविणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. वडिलांकडून आलेला संताप बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेला नाही. हातात पैसा आला की तो समोरच्या गरजूच्या हाती जाई आणि घरी चूल कशी पेटवायची, हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे उभा राही. त्यांचे औदार्य आणि त्यांचा बेहिशेबीपणा एकाच मुळातून आले होते. या दोषांची पुरती जाणीव त्यांना होऊन ते पश्चात्तापाने व्याकूळ होत, पुन्हा रागावत आणि पुन्हा क्षमा मागत. लक्ष्मीबाईंनी 1934 पासून प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हे सारे निर्भीडपणे आणि तितक्याच मायेने नोंदविले आहे. पतीला उठता-बसता आरसा दाखविणारी ही विनोदी, परखड सोबत त्यांना लाभली नसती, तर टिळकांच्या भक्तीला अहंकाराचा वारा लागण्याचा धोका होता. संगत म्हणजे केवळ आपली स्तुती करणाऱ्यांचा मेळा नव्हे, हे त्यांच्या संसाराकडे पाहिले की ध्यानात येते.

आयुष्याच्या शेवटच्या पर्वात टिळकांनी आणखी एक धाडस केले. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास मुक्काम हलविला. घरदार टाकून रानात जाण्याचा हा संन्यास नव्हता. पगार, पद आणि सुरक्षितता यांची सवय सोडण्याचा तो संन्यास होता. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांनी, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, भावाभावांसारखे एकत्र यावे, असे तिचे स्वरूप होते. चर्चच्या भिंतीबाहेर ख्रिस्ताचे चाहते आहेत. पण ते एकाकी आहेत आणि एकाकी श्रद्धा फार काळ तग धरत नाही, हे त्यांना दिसत होते. अशांना सत्संग मिळावा, ही या दरबारामागची तळमळ होती. ती सर्वांना रुचणे शक्य नव्हते. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना शिष्य म्हणून जवळ करणे हे अनेक ख्रिस्ती बांधवांना धोक्याचे वाटले, तर हिंदू समाजातील कित्येकांना त्यात धर्मप्रसाराचा नवा डाव दिसला.

टिळकांना ही कल्पना फुलविण्यास पुरता अवधी मिळाला नाही. प्रकृती ढासळत गेली आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांतच थांबले होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना औपचारिक शिक्षण जवळजवळ लाभले नव्हते आणि ज्या एके काळी सोवळ्यात वेगळ्या चुलीवर स्वयंपाक करीत होत्या, त्यांनी. पतीच्या सहवासाने त्या कवयित्री झाल्या आणि पतीच्या मागे त्यांनीच त्याचा शब्द पुढे नेला.

‘देवाचा दरबार’ त्यांच्या पश्चात फार काळ उभा राहिला नाही. त्यातील प्रेरणा मात्र वाया गेली नाही. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॉन विन्स्लो यांनी 1922 मध्ये अहमदनगरला ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. भारतीय पद्धतीची राहणी, प्रार्थना आणि सेवा यांवर या संघाचा भर होता व पुढे त्याचे कार्य पुण्यात वाढले.

संस्था उभ्या राहतात आणि विसर्जितही होतात. टिळकांचे जे खरोखर टिकले, ते एका साध्या सवयीच्या आधाराने टिकले. नगर, सातारा, पुणे, मुंबई येथील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही त्यांची भजने म्हटली जातात. म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना रचणाऱ्याचे चरित्र ठाऊक नसते, त्याचा संताप ठाऊक नसतो आणि दरबाराचे नावही ऐकलेले नसते. आईच्या तोंडून ऐकलेले मूल ते पुढे आपल्या मुलांना ऐकविते. करजगावच्या जानकीबाईंच्या मांडीवर नारायणाला भक्ती मिळाली ती याच वाटेने, आणि पुढच्या पिढ्यांसाठी त्यांनी तीच वाट मोकळी ठेवली.