गोविंदराव टेंबे आणि पेटीवरची स्वच्छ तान



थोरांची ओळख करून देताना या वेळी आम्ही गोविंद सदाशिव टेंबे यांना निवडले आहे. त्याला कारणही आहे. आपल्या शाळेतील मुलांचा पेटीवर जरा हात बसला की ती लगेच पळू लागतात. बोटे पुढे आणि सूर मागे! घरची मंडळी वेगाला टाळ्या देतात, म्हणून मूल आणखी पळते.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे या गावी झाला. शाहू महाराजांच्या काळातले कोल्हापूर म्हणजे गाण्याचे माहेरघर. अल्लादियाखाँसाहेब तिथल्या दरबारात होते. भास्करबुवा बखले यांना गोविंदराव गुरू मानत. पण त्यांचे पुष्कळसे शिक्षण समोर बसून धडे घेण्यापेक्षा ऐकता ऐकता, साथ करता करता झाले. साथीचे काम सोपे नसते. गवई पुढची तान कशी घेणार हे पेटीवाल्याला आधी ठाऊक नसते. गळ्यातून सूर निघाला की क्षणभरात तोच सूर बोटांखाली यावा लागतो, आणि तोही गवयाला न झाकता.

इथे पेटीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पियानोसारख्याच मांडलेल्या असतात, पण आतले काम वेगळे. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि पट्टी दाबून ठेवली तरी नाद हळूहळू विरतो. पेटीत भात्यात हवा आहे आणि पट्टी दाबलेली आहे तोपर्यंत सूर तसाच वाजत राहतो. जलद तानेत रिषभावरचे बोट उचलायला जरा उशीर झाला, तर रिषभ आणि गंधार एकदम वाजतात व तानेचा चिखल होतो. म्हणजे बोट टाकण्याइतकेच बोट वेळेवर उचलणेही शिकावे लागते. ते विलंबित लयीतच शिकता येते. सारेग, रेगम, गमप हा साधा पलटा आधी सावकाश, प्रत्येक सूर सुटा ऐकू येईल असा वाजवावा. मग दुगुन, मग चौगुन. डावा हातही विसरू नये. भाता झटक्याने मारला तर उजव्या हाताची सगळी मेहनत वाया.

टेंबे नुसते पेटीवाले राहिले नाहीत. १९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाला त्यांनी चाली दिल्या. १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात ते हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचेच. ग्रंथही लिहिले. एका माणसाला इतके कसे जमले याचे आम्हाला नवल वाटते.

मात्र ज्या वाद्याने त्यांना नाव दिले, त्यावर १९४० साली ऑल इंडिया रेडिओने बंदी घातली. पेटीचे सूर ठरलेले, दोन सुरांमधली मींड तीत निघत नाही, असा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. पण मींड नाही म्हणून तर पेटीवाल्याला स्वच्छपणावरच उभे राहावे लागते, असे आमचे मत आहे. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी टेंबे गेले तेव्हा बंदी कायम होती. ती १९७१ पासून हळूहळू सैल झाली.

आता विश्वस्त मंडळाला एक विनंती. शाळेच्या जुन्या पेटीच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. अशा पेटीवर मुलांनी बोट कितीही वेळेवर उचलले तरी सूर थांबत नाही. नवा कीबोर्ड घेण्याचा विचार चालू आहे, तो जरूर व्हावा. परंतु गोंदियाहून कारागीर बोलावून ही पेटी स्नेहसंमेलनाआधी दुरुस्त करून मिळावी.