गोंडांचा इतिहास टिपणारे स्टीफन हिस्लॉप

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे नाव आपल्या भंडारा जिल्ह्यात सर्वांस परिचित आहे. परंतु ज्या सत्पुरुषाचे नाव त्या विद्यालयास इ. स. १८८३ मध्ये देण्यात आले, त्यांनी आपल्या गोंड बांधवांची केवढी सेवा केली, हे थोड्यांसच ठाऊक असेल.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडातील डन्स या गावी झाला. विद्याभ्यास संपवून ते इ. स. १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरास आले. तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. मराठी आत्मसात करून त्यांनी पुढच्याच वर्षी शाळा काढली. भूगर्भशास्त्राचाही त्यांस मोठा नाद असे. त्यांनी व त्यांचे सहकारी हंटर यांनी नागपूरच्या परिसरात शोधलेले प्राचीन जीवांचे अवशेष विद्वानांत प्रसिद्ध आहेत.

नागपूर शहर वसविले ते गोंड राजा बख्त बुलंद याने. पुढे राज्य गेले, आणि गोंडांची आठवण केवळ मुखामुखी उरली. त्यांच्या कुळकथा प्रधान लोक गाऊन सांगत. वृद्ध प्रधान निवर्तला, म्हणजे त्याच्याबरोबर एक अलिखित पोथीच नाहीशी होई. हिस्लॉपसाहेबांनी हे जाणले. गोंडांची दैवते, विवाहाच्या व अंत्यविधीच्या चाली, बोलीतील शब्द हे सर्व ते टिपून ठेवू लागले. हे लोक स्वतःस कोइतूर म्हणवितात, याचीही त्यांनी नोंद केली. लिंगो या गोंडांच्या आदिपुरुषाचे दीर्घ गीत एका प्रधानाच्या तोंडून मूळ गोंडी शब्दांत उतरवून घेण्यात आले.

हे काम अपुरेच राहिले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते सर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहावयास गेले होते. परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. वयाची शेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चारच दिवस उरले होते.

मागे राहिली ती विस्कळीत हस्तलिखिते. ती तशीच कसरीच्या भक्ष्यस्थानी पडावयाची. परंतु टेंपल यांनी ती जुळवून इ. स. १८६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. इ. स. १९१६ मध्ये रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा लिंगोच्या कथेसाठी त्यांसही याच संग्रहाचा आधार घ्यावा लागला.

कित्येक प्रसंगी हिस्लॉपसाहेबांची दृष्टी परक्याची व त्या काळाचीच होती. तथापि त्यांनी ऐकण्याचे श्रम केले, म्हणून ते गीत वाचले. पूर्वी आपल्याच जिल्ह्यात असलेल्या व इ. स. १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेलेल्या कचारगडच्या गुहेपाशी माघी पौर्णिमेस गोंड बांधव जमतात, तेही लिंगोचे स्मरण करीतच.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरी आजी ओव्या म्हणत असेल, आजोबा गावाच्या जुन्या गोष्टी सांगत असतील. येत्या सुटीत वही घेऊन त्यांच्याजवळ बसा, आणि त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत उतरून घ्या. हे काम उद्यावर टाकण्यासारखे नाही.