शोलावरमच्या धावपट्टीवरून : एस. करिवर्धन आणि भारतीय मोटार शर्यतींची घडण

चेन्नईत दरवर्षी होणाऱ्या मोटार शर्यतींचा इतिहास सत्तर वर्षांहून जुना आहे. या इतिहासात राजेरजवाडे, उद्योगपती, टायर कंपन्या आणि पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेले चालक अशी अनेक नावे आढळतात. मात्र परदेशातून आणलेल्या मोटारींचा हा खेळ देशात बनलेल्या मोटारीवर उभा करण्याचे श्रेय प्रामुख्याने कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांना दिले जाते. 1995 मध्ये एका विमान अपघातात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी नुकतीच ओलांडली होती. त्यांनी ज्यांच्यासाठी मार्ग तयार केला, त्यांचे सर्वांत मोठे यश पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

युद्धकाळातील धावपट्टी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मद्रासच्या उत्तरेला, कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत शोलावरम येथे लष्करी विमानांसाठी धावपट्टी बांधण्यात आली होती. युद्ध संपले, विमाने गेली आणि काँक्रीटचे रुंद पट्टे मागे उरले. 1953 मध्ये मद्रास मोटार स्पोर्ट्स क्लबची स्थापना झाली. इंदू चंढोक हे या क्लबच्या संस्थापकांपैकी एक होते. क्लबने हीच धावपट्टी शर्यतींसाठी वापरात आणली आणि पुढील सुमारे साडेतीन दशके शोलावरम हे भारतीय मोटार शर्यतींचे सर्वांत महत्त्वाचे केंद्र राहिले.

मुंबईत जुहू आणि कोलकात्याजवळ बराकपूर येथेही विमानांच्या धावपट्ट्यांवर शर्यती होत असत. स्वतंत्र शर्यतपथ बांधण्याइतका पैसा या खेळात नव्हता, त्यामुळे सपाट आणि मोकळी जागा म्हणून धावपट्टीलाच पसंती मिळाली. परंतु अखिल भारतीय शर्यत म्हणून सातत्य आणि प्रतिष्ठा लाभली ती शोलावरमला. हिवाळ्याच्या अखेरीस भरणाऱ्या या वार्षिक मेळ्यात मोटारसायकली, देशी बनावटीच्या साध्या मोटारी आणि परदेशी शर्यती मोटारी असे वेगवेगळे गट असत. शर्यती पाहण्यासाठी हजारोंच्या संख्येने लोक येत. मद्रासच्या परिसरात तो एक वार्षिक उत्सवच झाला होता.

पैशाची शर्यत

फ्रान्समधील ले माँ येथे 1923 पासून चोवीस तासांची शर्यत होते. तेथे मोटार कंपन्या स्वतःचे संघ उतरवतात आणि शर्यतीत तपासलेले तंत्र कालांतराने बाजारातील मोटारींत येते. शोलावरममध्ये अशी साखळी निर्माण होणे अवघड होते. त्या काळात भारतात प्रवासी मोटारींचे मोजकेच प्रकार तयार होत. अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड ही त्यांतील परिचित नावे. मागणी इतकी आणि उत्पादन इतके कमी होते, की मोटार नोंदवून ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशा बाजारपेठेत कारखानदारांना वेग सिद्ध करण्याची गरज भासत नव्हती.

परदेशी मोटार आणायची, तर परकीय चलनावर निर्बंध होते आणि आयात शुल्क मोटारीच्या मूळ किमतीहूनही अधिक पडे. त्यामुळे खऱ्या अर्थाने वेगवान मोटार मोजक्याच लोकांकडे असे. गोंडलच्या राजघराण्यातील मोटारी शोलावरममध्ये धावल्या. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी उद्योगपती विजय मल्ल्या यांनी तेथे इंग्लंडमधील एन्साइन संघाची फॉर्म्युला वन मोटार चालवली. प्रेक्षकांना या मोटारींचे आकर्षण असे. मात्र एका बाजूला फॉर्म्युला वनची मोटार आणि दुसऱ्या बाजूला सुधारलेली फियाट असेल, तर चालकांपैकी अधिक कुशल कोण, हे ठरवण्यास शर्यत अपुरी पडते. करिवर्धन यांच्या कार्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

गिरणीच्या घराण्यातील यंत्रवेडा

करिवर्धन यांचा जन्म 1954 मध्ये कोइमतूरच्या एका प्रतिष्ठित उद्योजक घराण्यात झाला. या घराण्याने 1910 मध्ये लक्ष्मी मिल्स ही कापड गिरणी स्थापन केली होती. गिरण्यांना यंत्रे लागतात, यंत्रांना सुटे भाग लागतात आणि सुट्या भागांसाठी ओतशाळा आणि लेथ लागतात. या क्रमाने कोइमतूर हे कापडाबरोबरच पंप, मोटर आणि यंत्रनिर्मितीचेही शहर झाले. जी. डी. नायडू यांच्यासारखे संशोधक याच शहरात होऊन गेले. आरेखन कागदावर काढावे आणि दोन गल्ल्या ओलांडून तो भाग तयार करून घ्यावा, अशी सोय देशातील फार थोड्या शहरांत होती.

करिवर्धन यांनी या परिस्थितीचा पुरेपूर उपयोग केला. मित्रपरिवारात आणि शर्यतींच्या वर्तुळात ते कारी या नावाने ओळखले जात. ते स्वतः उत्तम चालक होते आणि शोलावरममध्ये त्यांनी अनेक विजय मिळवले. तथापि जिंकण्याइतकाच रस त्यांना मोटार घडवण्यात होता. त्यांनी कोइमतूरमध्ये सुपर स्पीड्स ही संस्था सुरू केली आणि देशात मिळणाऱ्या इंजिनांभोवती शर्यती मोटारी बांधण्यास आरंभ केला. घरच्या संपत्तीच्या बळावर परदेशी मोटार आणून पहिला क्रमांक मिळवणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी आपला वेळ आणि पैसा इतरांनाही चालवता येतील अशा मोटारींवर खर्च केला.

मारुतीचे इंजिन, एक आसन

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 बाजारात आली. सुझुकीच्या तंत्रावर आधारलेली, तीन सिलिंडरचे 796 सीसी क्षमतेचे इंजिन असलेली ही छोटी मोटार मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी होती. तिची शक्ती जेमतेम चाळीस अश्वशक्तीच्या घरात होती. करिवर्धन यांना मात्र तिच्यात शर्यतीची मोटार दिसली. इंजिन हलके होते, विश्वासार्ह होते आणि त्याचे सुटे भाग देशभर मिळू लागले होते.

मारुतीमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स आडवे बसवलेले असून ते पुढची चाके फिरवतात. हा संपूर्ण संच उचलून चालकाच्या मागे बसवला, तर तोच मागची चाके फिरवू शकतो. त्यासाठी नव्या गिअरबॉक्सची गरज पडत नाही. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर फायबरग्लासचे हलके आवरण, मध्ये एकच आसन आणि उघडी चाके, अशी ही रचना होती. प्रवासी मारुतीचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास होते. छत, दारे, काचा आणि मागची आसने वगळली की तेच लहान इंजिन कितीतरी हलकी मोटार ओढू लागते. शक्ती न वाढवताही वेग वाढतो आणि वळणावरील पकड सुधारते.

1980 च्या दशकाच्या अखेरीस फॉर्म्युला मारुती या नावाने हा वर्ग रूढ झाला. या वर्गात सर्वांची मोटार जवळपास सारखी असे. त्यामुळे कोणाकडे अधिक पैसा आहे यापेक्षा कोण उशिरा ब्रेक लावतो, वळणातून कोण अधिक वेगाने बाहेर पडतो, यावर निकाल ठरू लागला. चालक तयार होण्यासाठी हेच आवश्यक होते. युरोपमध्ये फॉर्म्युला फोर्डसारख्या वर्गांनी जे काम केले, ते भारतात फॉर्म्युला मारुतीने केले.

हा खेळ यामुळे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला, असे म्हणता येणार नाही. टायर, इंधन, दुरुस्ती आणि प्रवास यांचा खर्च होताच. परंतु राजवाडा किंवा कारखाना नसलेल्या घरातील तरुणालाही प्रायोजक मिळवून एकआसनी मोटारीत बसण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली.

स्वतंत्र शर्यतपथ आणि नवी पिढी

याच सुमारास मद्रासच्या शर्यतींचे स्थानही बदलले. मद्रास मोटार स्पोर्ट्स क्लबने बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतःचा शर्यतपथ बांधला. 1990 मध्ये तो सुरू झाला. सुमारे 3.7 किलोमीटर लांबीचा हा मार्ग खास शर्यतींसाठी आखलेला होता. शोलावरमच्या धावपट्टीवर सरळ वेगाला महत्त्व होते, तर येथे एकामागून एक येणारी वळणे चालकाची परीक्षा घेऊ लागली. फॉर्म्युला मारुतीच्या लहान मोटारींसाठी हा मार्ग अधिक अनुकूल होता.

याच मार्गावर करिवर्धन यांचे भाचे नारायण कार्तिकेयन यांनी फॉर्म्युला मारुतीमधून शर्यतींच्या जगात प्रवेश केला आणि पहिल्याच शर्यतीत पहिल्या तिघांत स्थान मिळवले. वडील जी. आर. कार्तिकेयन हे नामांकित रॅली चालक असल्याने घरातच या खेळाचे संस्कार होते. नारायण 1992 मध्ये फ्रान्समधील एल्फ विनफिल्ड शाळेत प्रशिक्षणासाठी गेले. 1994 मध्ये त्यांनी ब्रिटनमधील फॉर्म्युला फोर्ड हिवाळी मालिका जिंकली. युरोपमध्ये अशी स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले.

हे यश करिवर्धन यांच्या हयातीतले. मोटारींबरोबरच त्यांना विमानांचीही ओढ होती आणि 1995 मध्ये कोइमतूरजवळ लहान विमानाच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी नारायण यांनी फॉर्म्युला आशिया अजिंक्यपद पटकावले. मार्च 2005 मध्ये मेलबर्न येथे जॉर्डन संघाच्या मोटारीत बसून ते फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय झाले. इंदू चंढोक यांचे नातू करुण चंढोक 2010 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचले आणि 2012 मध्ये ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांच्या संघाने सहावे स्थान मिळवले. देशातील या दोन्ही फॉर्म्युला वन चालकांच्या घराण्यांचा मद्रासच्या शर्यतींशी जवळचा संबंध आहे, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही.

वारसा आणि अपुरे राहिलेले काम

करिवर्धन यांच्या स्मरणार्थ कोइमतूरजवळ चेट्टिपाळयम येथे 2003 मध्ये कारी मोटर स्पीडवे हा 2.1 किलोमीटरचा शर्यतपथ सुरू झाला. माजी शर्यतपटू बी. विजय कुमार यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. येथे होणाऱ्या एलजीबी फॉर्म्युला शर्यतींतील एकआसनी मोटारींत मारुती एस्टीमचे इंजिन वापरले गेले. देशी इंजिनावर शर्यती मोटार बांधण्याची करिवर्धन यांची कल्पना त्यांच्या पश्चातही टिकून राहिली, याचे हे उदाहरण आहे. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीसारख्या संस्थांनी कार्टिंगच्या माध्यमातून मुलांना या खेळाकडे वळवले. तेथून पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांना कोइमतूर आणि चेन्नईचाच रस्ता धरावा लागतो.

दरम्यान चेन्नईच्या शर्यतींचे रूप पुन्हा पालटले. 31 ऑगस्ट आणि 1 सप्टेंबर 2024 रोजी शहराच्या मध्यभागी, आयलंड ग्राउंड्सभोवतीच्या सुमारे 3.5 किलोमीटरच्या रस्त्यावर विजेच्या प्रकाशात रात्रीची शर्यत झाली. फॉर्म्युला फोर वर्गाच्या मोटारीही त्यात धावल्या. त्यांचे सांगाडे फ्रान्समध्ये बनलेले होते. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या दृष्टीने ही प्रगतीच आहे. मात्र परदेशी मोटार, तिचे सुटे भाग आणि त्यांची देखभाल यांचा खर्च कोण पेलणार, हा शोलावरमच्या काळातील प्रश्न त्याबरोबर पुन्हा उपस्थित झाला आहे.

शोलावरमला विमानांच्या धावपट्टीवर सुरू झालेली शर्यत आज शहरातील रस्त्यांवर आली आहे. गुणी चालकाला पैशाअभावी मोटारीबाहेर राहावे लागू नये, यासाठी करिवर्धन यांनी कोइमतूरच्या कार्यशाळेत शोधलेले उत्तर साधे होते. देशात जे इंजिन सहज मिळते, त्यापासून सर्वांसाठी सारखी मोटार बांधायची. त्या उत्तरातून एक पिढी घडली. पुढच्या पिढीसाठी तेच काम नव्या इंजिनांसह पुन्हा करावे लागणार आहे.